आत ड्रॅगन नाही

अण्णांनी मला भाडेकरू म्हणून पास केलं तेव्हा एक शेरा मारला होता : चप्पल वाजते.

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगलोरला नुकती आले होते. चामराजपेटेत एका घराच्या वरची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून विचारायला गेले, तर पंचा नेसलेले, साठीला टेकलेले एक गृहस्थ माझ्या तोंडाकडे न बघता चपलांकडे बघत उभे. त्यांनी मला दारापासून जिन्यापर्यंत चालायला लावलं. मग परत. पुण्यात कुणी असं चालायला लावलं असतं तर मी त्याला त्याच चपलेची जवळून ओळख करून दिली असती. पण तोवर बऱ्याच घरमालकांनी ‘एकट्या मुलीला देत नाही’ म्हणून वाटेला लावलं होतं, तेव्हा मुकाट्याने चालले.

“पास,” ते म्हणाले. “चप्पल वाजती. ते तुमी बघून घ्या.”

अण्णांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि फौज परत गेली तरी राहिलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं आणि माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी. ते माझ्या बोलण्याला ‘वर्तमानपत्रातली मराठी’ म्हणत. मी त्यांच्या बोलण्याला काही म्हणत नसे, कारण भाडं कमी होतं.

त्यांचं सगळं आयुष्य एका सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यात गेलं होतं. मशीनवरून उतरलेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, नकाशाशी ताडून बघायचा आणि पास म्हणायचं किंवा रिजेक्ट. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि अण्णा घरी आले. कारखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही. कोपऱ्यावरच्या खाणावळीने ‘घरगुती जेवण’ अशी पाटी लावली तेव्हा अण्णा आत जाऊन मालकाला विचारून आले, “तुमचं घर कुठं हाय?” घर राजाजीनगरला आहे असं कळल्यावर “मग हे तिथलं न्हाई,” एवढंच म्हणून न जेवता बाहेर पडले. सकाळची भाजीवाली गल्लीभर ‘ताजी, ताजी’ म्हणून ओरडत यायची. अण्णा दारात दिसले की ती नुसतं ‘भाजी’ म्हणायची.

घरात ते आणि अक्का, दोघंच. अक्का म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, मीही म्हणायला लागले. अक्का गोल चेहऱ्याची, बोलकी, सगळ्यांशी गोडीने राहणारी बाई. अशा बाईला असा नवरा मिळावा ह्यात देवाचा काहीतरी हिशेब असणार, मला तो कधी लागला नाही. नवी साडी नेसून ‘कशी दिसते’ असं तिने अण्णांना लग्नानंतर एकदाच विचारलं होतं म्हणे. काय उत्तर मिळालं ते तिने मला सांगितलं नाही, पण ती साडी पुढे बोहारणीकडे गेली.

शेजारच्या मुलाचा किस्सा मात्र तिने मला निदान चारदा सांगितला असेल. मुलाची सोयरीक जमत आली होती. मुलीकडची माणसं रीतीप्रमाणे आजूबाजूला चौकशी करत अण्णांकडे आली. मुलगा कसा आहे? अण्णांनी नीट विचार केला.

“सकाळी चांगला असतो,” ते म्हणाले.

सोयरीक मोडली. शेजाऱ्यांनी मधल्या भिंतीवर काचा बसवल्या. अक्का त्या दिवशी रडकुंडीला येऊन म्हणाली, “स्वल्प खोटं बोलला असता तर काय जात होतं तुमचं?” अण्णा म्हणाले, “माझं न्हाई, त्या पोरीचं जात होतं.” पण शेजारणीकडून रोज येणारा कढीपत्ता त्या दिवसापासून बंद झाला, तो तिला विकत घ्यावा लागला, आणि प्रत्येक वेळी विकत घेताना तिला तो मुलगा आठवायचा.

अशा माणसाने दुकान काढावं ही कल्पना अण्णांची असणं शक्यच नव्हतं. ती अक्काच्या भावाची. हे मामा – मीही त्यांना मामाच म्हणायची – सिटी मार्केटजवळ घाऊक व्यापार करत. टॉर्च, कॅल्क्युलेटर, बोलणारी घड्याळं आणि आता टीव्ही गेम. टीव्हीला एक डबा जोडायचा, त्यात तळहाताएवढी प्लास्टिकची कॅसेट खुपसायची, हातात रिमोट धरायचा की पडद्यावर गाड्या पळतात, विमानं पडतात. मामांचं म्हणणं असं, की शहरातली पोरं ह्या कॅसेटींनी वेडी झाली आहेत आणि विकत घेण्याची ऐपत दहातल्या एकाची. “भावोजी, भाड्यानं द्या. आज द्यायची, उद्या परत घ्यायची, परवा दुसऱ्याला द्यायची. माल माझा, जागा तुमची. बसून खावा.” अण्णांची रस्त्याकडची खोली रिकामीच होती. मांडण्या ठोकल्या, शटर बसवलं, अक्काने नारळ फोडला.

अण्णांनी पहिले कित्येक दिवस एकही कॅसेट दिली नाही, कारण माल अजून तपासायचा होता.

ऑफिसची बस मला इलेक्ट्रॉनिक सिटीहून संध्याकाळी आणून सोडायची तेव्हा खिडकीतून दिसायचं : अण्णा पाटावर ताठ बसलेले, पंचा गुडघ्यात खोचलेला, दोन्ही हातांत रिमोट आणि चेहऱ्यावर कारखान्यातला भाव. त्यांना खेळून मजा वाटते का, असं मी एकदा विचारलं. त्यांना प्रश्न कळला नाही. शर्यतीची गाडी दरीत कोसळली तर ते ‘वळण चुकीच्या जागी हाय’ म्हणायचे. विमान पडलं की ‘ह्याला खाली बघायला जागा दिली न्हाई’. कॅसेट चालेनाशी झाली की सगळी पोरं तिच्यात फुंकर मारतात, तशी मी मारायला गेले, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. “फुंकर ही दुरुस्ती नव्हे,” म्हणाले आणि स्पिरिटचा बोळा घेऊन पुसत बसले.

तपासणीत पहिलं सापडलं ते ‘९९९ इन १’चं. एका कॅसेटीत नऊशे नव्व्याण्णव गेम, असं त्या पिवळ्या कॅसेटीवर मोठ्या अक्षरांत होतं आणि सगळीकडे तिचं भाडं सर्वांत जास्त होतं. अण्णांनी यादीतला प्रत्येक गेम उघडून बघितला. प्रत्येक. असं करणारा त्या गावातला, बहुधा देशातला, तो एकच माणूस असेल. गेम पाच निघाले. पुढे तेच पाच वेगळ्या नावाने, कधी मधूनच सुरू होणारे, कधी हिरव्या गाडीच्या जागी लाल गाडी. अण्णांनी पांढरी चिठ्ठी कापली, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत ‘पाच. बाकी तेच.’ असं लिहिलं आणि कॅसेटीवर चिकटवून तिचं भाडं सगळ्यांत कमी केलं. ज्या कॅसेटीत एकच गेम होता, पण धड सुरू होऊन धड संपत होता, तिचं भाडं सगळ्यांत जास्त.

पोरांनी बंडच केलं. “अण्णा, पुढच्या गल्लीत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णववाली हाय!”

“त्यात पण पाचच असतील.”

“पण नावं जास्त हायत की!”

अण्णा संध्याकाळी मला म्हणाले, “नावांचं भाडं देतात. गेमचं न्हाई, नावांचं.” मी म्हटलं, लोकांना आवडतं तसं. “आवडत न्हाई. त्यांना कुणी मोजून दाखवलं न्हाई,” ते म्हणाले. मग ‘पार्ट ७’ असं लिहिलेल्या एका कॅसेटीचे आधीचे सहा भाग कुठे मिळतील, ह्याची चौकशी त्यांनी महिनाभर चालवली. ते निघालेच नव्हते. एकदम सातवाच जन्माला आला होता. चिठ्ठी : ‘हाच पहिला.’

त्यांचा राग फक्त ह्या नावगाव नसलेल्या नकली मालावर होता असं कुणी समजू नये. माझ्या ऑफिसातल्या एकाने अमेरिकेहून कंप्युटरचा अस्सल गेम आणला होता. चकचकीत खोकं, कंपनीचं नाव, पत्ता, सगळं. अण्णांना बनवणाऱ्याचं नाव असलेला माल बघायला मिळावा म्हणून मी तो एका दिवसासाठी मागून आणला. अण्णांनी नाव वाचलं, पत्ता वाचला, मान हलवली. मग मी डॉलरची किंमत रुपयांत सांगितली. त्यांनी खोकं हातात तोललं, हलवलं. एवढ्या मोठ्या खोक्यात एक पातळ चकती सरकल्याचा आवाज आला.

“बाकी काय हाय आत?”

“काही नाही. मोठं दिसावं म्हणून असतं.”

“म्हणजे हवा. आमच्या मालात गेम न्हाईत, ह्यांच्यात गेम हाय आणि हवा पण हाय. हवेला पैसे लावलेत.”

मग त्यांना खोक्याच्या तोंडावरचं सील दिसलं. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हे सील फाडलंत म्हणजे आतल्या कागदावरच्या सगळ्या अटी तुम्हाला मान्य आहेत. अण्णांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. “अटी कुठं हायत?” आत. “वाचायच्या आत आणि कबूल करायच्या बाहेर?” हो. अण्णांनी खोकं दोन्ही हातांनी माझ्यापुढे सरकवलं, साप निघालेल्या डब्यासारखं. मला ते उघडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ते सीलबंद परत केलं आणि त्याच्या मालकाने माझ्यासमोर, फोनवर बोलता बोलता, अंगठ्याने टरकन फाडलं. त्याला अण्णांचं सांगितलं तर तो हसला. मीही हसले. पण मग ते सील वाचल्याशिवाय मला कुठलंच खोकं उघडता येईना, ह्याबद्दल मी अण्णांना आजतागायत माफ केलेलं नाही.

आमच्या ऑफिसच्या कामावरून तर आमचं वाजलंच. मी कौतुकाने सांगत होते, की आम्ही प्रोग्रॅम वेळेत पाठवतो, त्यात राहिलेल्या चुका पुढच्या आवृत्तीत सुधारतो. अण्णांनी विचारलं, “चुका हायत हे गिऱ्हाइकाला सांगता?” करारात लिहिलेलं असतं, मी म्हटलं. “कितव्या पानावर?” मी ताडकन उठून वर निघून गेले. चप्पल मुद्दाम वाजवत गेले.

आता ड्रॅगनचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

एका कॅसेटीच्या डब्यावर भलामोठा हिरवा ड्रॅगन होता. तोंडातून जाळ, समोर तलवार उपसलेला राजपुत्र. दुकानातली सर्वांत देखणी कॅसेट. एक दिवस एक बाई ती परत घेऊन आली. तिच्या मुलाने ड्रॅगन भेटत नाही म्हणून जेवण टाकलं होतं. “त्याला खेळायला जमत न्हाई, शेवटी येत असंल,” ती बिचारी मुलाचीच चूक धरून बोलत होती. अण्णांचा चेहरा पडला. ही कॅसेट त्यांनी तिसऱ्या पायरीपर्यंतच तपासली होती. त्यापुढे त्यांची बोटं चालत नव्हती. शेवट न बघता पास केलेला त्यांच्या आयुष्यातला हा पहिला माल, असं ते मला जिन्यात अडवून म्हणाले, आणि माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. माझा रविवार मोकळा आहे का?

मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कंप्युटरवर गेम खेळायची हे त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे. रविवारी सकाळी बसलो. मी खेळत होते, अण्णा शेजारी बसून पडद्याकडे बघत होते. राजपुत्र वटवाघळं मारत, खड्डे ओलांडत, एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात जात होता. अक्काने उप्पीट आणून दिलं, मग जेवण, मग कॉफी. टीव्हीला जोडलेला डबा इतका तापला की ती हातपंखा घेऊन त्याला वारा घालत बसली. तिलाही आता ड्रॅगन बघायचा होता. दुपार कलली तेव्हा शेवटचं दार आलं. राजपुत्राने ते उघडलं. पडदा काळा झाला, अभिनंदन अशा अर्थाचा इंग्रजी शब्द एक अक्षर गाळून उमटला, आणि राजपुत्र पुन्हा पहिल्या खड्ड्यापाशी येऊन उभा राहिला.

अण्णा थांबले. ड्रॅगनला उशीर होत असेल अशा समजुतीने आम्ही दोघीही थांबलो.

“न्हाई,” शेवटी अण्णा म्हणाले.

पण चिठ्ठी लावण्याआधी माल देणाऱ्याचं ऐकून घेतलं पाहिजे, हा कारखान्याचा नियम. म्हणून ते मला साक्षीदार म्हणून घेऊन मार्केटला गेले. मामा खोक्यांच्या राशीत बसले होते. मोठ्या मनाचा माणूस. आम्हाला बघताच त्यांनी बदाम दूध मागवलं. अण्णांनी डबा पुढे ठेवला.

“आत ड्रॅगन न्हाई.”

“कोण?” मामा म्हणाले.

अण्णांनी सगळा रविवार सांगितला. मामा हसू दाबत ऐकत राहिले आणि मग अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. “भावोजी, चित्र बोलवायला असतं. लग्नाच्या पत्रिकेवर गणपती छापतात. तो जेवायला येतो काय?”

अण्णांनी ग्लास खाली ठेवला. “येतो म्हणूनच छापतात.”

मामांचं हसू जरा सरकलं. “मी छापलं न्हाई. खोकं येतं, मी विकतो.”

“कुणी छापलं?”

“गोत्तिल्ला, भावोजी! मला काय माहीत? मद्रासहून येतं, त्याच्या आधी आणि कुठून तरी.”

अण्णांनी डबा उलटासुलटा केला. खरंच कुठे नाव नव्हतं, गाव नव्हतं. “करणाऱ्यानं नाव घातलं न्हाई. त्याला पण माहीत हाय, आत ड्रॅगन न्हाई,” ते म्हणाले. घरी येऊन त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि ड्रॅगनच्या पोटावर चिकटवली : ‘आत ड्रॅगन नाही. बाकी गेम चांगला.’

मला वाटलं, आता हे दुकान बसलं. बसेल नाहीतर काय! कोण असला माल नेणार? झालं भलतंच. ज्या पोराने जेवण टाकलं होतं त्याची आई ती चिठ्ठी वाचून गेली आणि आणखी चार बायकांना घेऊन आली. आपली पोरं मूर्ख नाहीत, डबे खोटे आहेत, हे त्यांना कुणीतरी लिहून दिलं होतं. ‘ह्या दुकानात लिहिलेलं असतं तेच आत असतं’ अशी बोलवा झाली. पोरंही बदलली. चिठ्ठी वाचून कॅसेट निवडायची, आणि अण्णांनी काही सोडलंय का ते शोधायचं, हाच त्यांचा नवा खेळ झाला. मग लोक दुसऱ्या दुकानांतून विकत घेतलेल्या कॅसेटी तपासून घ्यायला आणू लागले. अण्णा फुकट तपासायचे. शनिवारी संध्याकाळी माझा जिना गाठायचा तर पोरांच्या रांगेला धक्के देत जावं लागायचं. अण्णा खूश दिसायचे. म्हणजे दिसायचे नाहीत, पण एकदा मी त्यांना शटर उघडताना शीळ घालताना ऐकलं.

अडचण एवढीच, की चामराजपेटेतल्या बाकीच्या सगळ्या दुकानांना माल मामाच द्यायचे. लोक अण्णांची चिठ्ठी लावलेली कॅसेट घेऊन त्या दुकानांत जायचे आणि पैसे परत मागायचे. दुकानदार मामांकडे जायचे. मामांची खोकी परत यायला लागली. मामा दोनदा घरी येऊन अण्णांशी गोडीत बोलून गेले, तिसऱ्यांदा दारातूनच बोलले. “माझ्याच मालावर, माझ्याच बहिणीच्या घरातून, मला चोर लिहिता!” अण्णा म्हणाले, “तुला न्हाई लिहिलं. कॅसेटवर लिहिलं.” त्यांच्या मते ह्यात फरक होता, आणि खरंच होता, पण तो त्या दारात उभं राहून कुणाला दिसणार?

मग मामांचं येणं थांबलं. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन आला. मी तेव्हा खाली भाडं द्यायला गेले होते. अक्का पहिल्यांदा हसून बोलत होती, मग नुसतं ‘हं’ म्हणत होती. फोन ठेवून ती मला म्हणाली, “त्या चिठ्ठ्या हायत तोवर पाय ठेवणार न्हाई म्हणतो. भाऊबीजेला पण न्हाई.” आणि लगेच, काहीतरी वाईट बोलून गेल्यासारखी, “फराळाला काय करू गं यंदा?”

आई-वडील गेल्यावर अक्काच्या माहेरचं म्हणून उरलेलं माणूस ते एवढंच. भाऊबीजेला तिने भावाला ओवाळलं नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. तिने अण्णांना चिठ्ठ्या काढा म्हणून एका शब्दानेही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. दुसऱ्या दिवशी ती मला जिन्यात भेटली आणि हळूच विचारलं, “तसल्या चिठ्ठ्या गरम पाण्यानं निघतात काय गं?” दुकानाच्या खोलीचं दार उघडं होतं. अण्णा आत होते.

त्या दुपारी मी त्यांना बघितलं. त्यांच्यापुढे गरम पाण्याची वाटी होती आणि हातात ती ड्रॅगनची कॅसेट. ओल्या कापडाने त्यांनी चिठ्ठीचा एक कोपरा भिजवला, नखाने उचलला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग तो पुन्हा खाली दाबला आणि अंगठ्याने सारखा केला. मला त्यांचा भयंकर राग आला. एका कागदाच्या कपट्यासाठी ह्या बाईचं माहेर तोडतो हा माणूस! आणि दुसरीकडे असंही वाटलं, की त्यांनी ती चिठ्ठी काढली असती तर उद्यापासून मी त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने बघितलं असतं. दोन्ही खरं होतं. मी वर गेले.

दिवाळीला मी पुण्याला गेले नाही, कारण आमच्या अमेरिकन गिऱ्हाइकाकडे दिवाळी नव्हती. त्यामुळे भाऊबीजेच्या सकाळी मी घरात होते. खाली आले तर शटर अर्धं ओढलेलं आणि आत मांडण्या रिकाम्या. एक कॅसेट नाही. गेले दोन दिवस पोरं येत होती, जात होती, ते सणाचं असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. पोरांची अनामत रक्कम परत करून, मामांच्या मालाची किंमत स्वतःच्या खिशातून वेगळी काढून ठेवून, ज्याला जी आवडते ती कॅसेट अण्णांनी त्याला देऊन टाकली होती. चिठ्ठ्यांसकट.

अण्णा खिळे काढत होते.

“अण्णा, दुकान?”

“बंद केलं.”

“का?”

“चालत नव्हतं,” ते मांडणीकडे बघून म्हणाले.

आदल्या शनिवारी रांगेत एका पोराने माझ्या पायावर पाय दिला होता, तो अंगठा अजून दुखत होता. अण्णांनी खिळा सरळ करून डब्यात टाकला. माझ्यावर ते तालीम करत होते, हे मला दुपारी कळलं.

दुपारी मामा आले. चिठ्ठ्या गेल्याचं त्यांना कुणीतरी कळवलं होतं, दुकानच गेल्याचं नव्हतं. ते दारात थबकले, आत डोकावून रिकाम्या मांडण्यांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. जिंकायला आलेल्या माणसासमोर कुणी उभंच नसावं तसं झालं. अक्काने पाट मांडला, ओवाळलं. मामांनी ताटात साडी ठेवली आणि डोळे पुसले. अक्काने पुसले नाहीत. तिला नारळाची करंजी तळायची होती. तिने मलाही जेवायला बसवलं.

अर्धं जेवण झाल्यावर मामांनी विषय काढला. “भावोजी, दुकान का बंद केलं?”

“चालत नव्हतं,” अण्णा म्हणाले. दुसऱ्या वेळेला बरं जमलं. आवाज अगदी सपाट होता.

मामांना धीर आला. “मी तेच सांगत होतो! चिठ्ठ्या लावून कुठं धंदा होतो काय? गिऱ्हाईक पळून जातं. मला विचारायचं होतं तुमी.”

एरवी अण्णा काय म्हणाले असते ते मला तोंडपाठ होतं. मी भात कालवायचं थांबवून वाट बघितली. मामा बोलत होते, धंद्याचे नियम समजावत होते, पुढच्या वर्षी झेरॉक्सचं मशीन टाकून देतो म्हणत होते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

“सरी. बरं,” ते म्हणाले आणि ताक मागितलं.

संध्याकाळी मामा गेल्यावर अक्का फराळाचा डबा घेऊन वर आली. डबा ठेवला तरी गेली नाही. नव्या साडीची घडी हातात तशीच होती. खालून लाकडावर हातोड्याचे ठोके येत होते.

“तू रोज तिथनंच वर-खाली करतीस,” ती म्हणाली. “दुकान खरंच चालत नव्हतं काय गं?”

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते मला अजूनही माहीत नाही. अक्काने घाईने हात वर केला.

“नको. सांगू नको. जन्मात पहिल्यांदा खोटं बोललेत, ते पण माझ्यासाठी. वाया जायला नको.”